सोनं, चांदी आणि चौथीचा वर्ग

मी कॉलेजात जाऊ शकले ती आमच्या शेजारच्या सुभेदारांमुळे. बहात्तर साली मी मॅट्रिक झाले, तेव्हा आमच्या गावातून कराडला कॉलेजला जाणारी एकही मुलगी नव्हती. वडिलांचा शिक्षणाला विरोध नव्हता, पण पोरीनं रोज एकटीनं एस.टी.नं जायचं-यायचं म्हटलं की ते विषय बदलायचे. त्याच उन्हाळ्यात सुभेदार पलटणीतून पेन्शन घेऊन घरी आले. बांगलादेशची लढाई करून आलेला माणूस आता ऊस लावील, म्हशी पाळील, असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं की आपण बी.ए. करणार.

"या वयात?" वडिलांनी विचारलं.

"मॅट्रिक होऊन भरती झालो. तवाच शिकायचं व्हतं, पन घरात खाणारी तोंडं लय. आता सरकार पेन्शन देतंय, नुसतं बसून काय करू?"

वडिलांनी तंबाखू मळून दाढेला धरली. मग म्हणाले, "तुमी जाणार आसला तर आमची पोरगी बी येईल तुमच्यासंगं."

असे आम्ही दोघं एकाच वर्गात दाखल झालो; आधी एक वर्ष प्री-डिग्री, मग तीन वर्षं बी.ए. मी त्यांना तात्या म्हणायची. तात्या पहिल्या बाकावर बसत, इस्त्रीची खाकी पँट घालून. सर आत आले की ताडकन उभे राहून सावधान करत आणि त्यांच्यामागे सगळा वर्ग उभा राही. सुरुवातीला प्राध्यापकच त्यांना बिचकत. एका सरांनी तर पहिले दोन आठवडे त्यांना शिक्षणखात्याचे कुणी तपासनीस समजून फळ्यावर फार सुंदर अक्षर काढलं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला पाश्चात्त्य राजकीय विचार नावाचा पेपर आला. तो शिकवणारे सर मिरजेचे. गाण्याची आवड असावी, कारण शिकवता शिकवता त्यांची बोटं टेबलावर ठेका धरायची. ते पुस्तक उघडत नसत. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं की अथेन्सच्या बाजारात एक म्हातारा फिरायचा, आणि जो भेटेल त्याला विचारायचा, न्याय म्हणजे काय, शौर्य म्हणजे काय. समोरचा उत्तर द्यायचा, हा त्या उत्तरातून दुसरा प्रश्न काढायचा. शेवटी लोक इतके वैतागले की त्यांनी त्याला विष प्यायला लावलं.

तात्यांनी हात वर केला. "सर, त्यो पलटणीत व्हता का?"

"होता. चांगला लढला होता म्हणतात."

"तरीच. शौर्य म्हंजे काय ह्यो सवाल बिनलढलेल्या माणसाला पडत न्हाई."

सरांची बोटं थांबली. त्या दिवसापासून ते तात्यांसाठीच शिकवू लागले, असं वर्गातली मुलं म्हणायची.

त्या विचारवंतांची नावं मात्र तात्यांच्या जिभेवर बसेनात. मग त्यांनी सगळ्यांना आपली नावं ठेवली. बाजारात फिरणारा तो म्हातारा. त्याचा शिष्य, ज्यानं आदर्श राज्याचा नकाशा काढला, तो चेला. राजाचा हक्क देवाकडून येत नाही, लोकांच्या संमतीनं येतो, म्हणणारा तो इंग्रज. आणि मुलांना पुस्तकांपासून लांब ठेवा, निसर्गच त्यांना शिकवील, असं सांगणारा तो रानातला. एस.टी.त आमची ह्यांच्यावर चर्चा चालायची आणि कंडक्टर विचारायचा, "तात्या, ह्यो चेला कुठल्या गावचा?"

तात्यांचं सगळ्यात जास्त जमलं ते चेल्याशी. त्याच्या राज्यात सैनिकांना मान होता, त्यांना एकत्र जेवण होतं, मुलामुलींना बरोबरीनं कसरत होती. शिवाय तो म्हणायचा की माणसं जन्मतः तीन धातूंची असतात. राज्य करणारे सोन्याचे, रक्षण करणारे चांदीचे, बाकी शेतकरी-कारागीर लोखंडाचे. लहानपणीच पारख करायची आणि ज्याला त्याला त्याच्या जागी बसवायचं. "आमी चांदीचं," तात्या मिशीवर हात फिरवत म्हणायचे. मला रानातला आवडायचा. आमच्या प्राथमिक शाळेत मी इतक्या छड्या खाल्ल्या होत्या की मुलांना मोकळं सोडा म्हणणारा कुणीही मला देवमाणूस वाटला असता.

त्या वर्षीच्या भाद्रपदात गावाबाहेरच्या ओढ्यावरची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, वाहून गेली. एस.टी. बंद झाली. आमचं कॉलेज बुडालं आणि पलीकडच्या गावातून सायकलनं येणारे शाळेतले दुसरे गुरुजीही तिकडंच अडकले. चार वर्ग आणि एकटे हेडगुरुजी. ते दोन दिवस पहिली ते चौथी एका खोलीत कोंडून शिकवायला बघत होते. तिसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर येऊन बसले, तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता.

"तुम्ही दोघं कॉलेजात शिकताय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "फरशी होईपर्यंत हातभार लावा. तिसरी आणि चौथी तुमची."

तात्यांचा चेहरा उजळला. मलाही आनंद झाला. पुस्तकातलं जे काही होतं ते करून बघायला आयती शाळाच मिळत होती. तात्यांनी चौथीचा वर्ग मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात नेला आणि मी तिसरीला घेऊन शाळेच्या पडवीत बसले.

तात्यांनी पहिल्या दिवशी कवायत घेतली. दुसऱ्या दिवशी पारख. पोरांना पळवलं, पाढे म्हणून घेतले, आणि शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: "दोघंजण हायसा आन् बिस्कीट एकच हाय. काय करशील?" बहुतेकांनी समोर सुभेदार बघून, दुसऱ्याला देईन, असं सांगितलं. तात्यांची धाकटी मुलगी त्याच वर्गात होती. ती म्हणाली, "मीच खाईन." तिसऱ्या दिवशी पोरांच्या छातीवर फिती लागल्या. पिवळी म्हणजे सोनं, पांढरी म्हणजे चांदी, काळी म्हणजे लोखंड. तात्यांनी स्वतःला पांढरी लावली आणि आपल्या मुलीला काळी.

"चेला सांगतो," ते मला म्हणाले, "पारख करणाऱ्यानं सोताच्या पोराला सवलत द्यायची न्हाई." मला ते फार थोर वाटलं होतं. काकींना, म्हणजे तात्यांच्या बायकोला, वाटलं नाही.

शाळा सुटून तास झाला असेल नसेल, मंडपात बायका जमल्या. सगळ्यात पुढं एक उंच बाई, रानातून थेट आलेली, हातात खुरपं तसंच.

"सुभेदार, माझं पोरगं लोखंड कशावरनं?"

"आवं, ती नुसती पद्धत हाय. लोखंड म्हंजे काय वाईट न्हवं. नांगराचा फाळ लोखंडाचा आसतो."

"मग तुमी लावा की काळी फीत! तुमची पांढरी का?"

तात्यांना रणांगणात काय वाटत असेल ते माहीत नाही, पण त्या दिवशी ते दोन पावलं मागं सरकलेले मी पाहिले. तेवढ्यात काकी आल्या. त्या चारचौघांत कधी नवऱ्याशी बोलत नसत. पदर सारखा करून म्हणाल्या, "तुमच्या त्या चेल्याला सोताची पोरंबाळं व्हती का?"

तात्यांना ते ठाऊक नव्हतं. पुढं कॉलेज सुरू झाल्यावर त्यांनी सरांना आवर्जून विचारलं. नव्हती, असं सर म्हणाले.

तरीही तात्यांनी फिती काढल्या नाहीत. आठवडाभर मी ते बघत होते. पिवळ्या फितीचा एक पोरगा पाण्याची घागर उचलायला तयार होईना. पांढऱ्या फितीवाले सगळ्यांवर हुकूम सोडू लागले. ते हसण्यावारी नेता आलं असतं. पण एकदा मी आमच्या आळीतल्या काळ्या फितीच्या एका मुलाला सोपं गणित घातलं, तर तो पाटी खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "आमी लोखंड हाय, बाई. आमाला न्हाई यायचं." आठवड्यापूर्वी तो असली गणितं चुटकीसरशी सोडवायचा.

माझ्या वर्गाचं तरी काय वेगळं चाललं होतं? मी पाट्या कोनाड्यात ठेवून पोरांना ओढ्याकाठी नेलं. पहिला दिवस फार सुरेख गेला. खेकड्यांची बिळं मोजली, बाभळीवर लटकणारी सुगरणीची घरटी बघितली, पाणी कुठं खोल आहे ते काठीनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पोरं एका म्हाताऱ्याच्या भुईमुगात शिरली आणि मी ओरडेपर्यंत कितीतरी वेल उपटून खाऊन झाले होते. म्हातारा धावत आला. मला वाटलं आता आपली शोभा होणार. त्यानं पोरांना रांगेत उभं केलं, प्रत्येकाला एक सरी नेमून दिली आणि दुपारपर्यंत भांगलून सगळं तण काढून घेतलं. जाताना म्हणाला, "बाई, उद्या बी आना पोरास्नी. लय गुणाची हायती."

मी त्याचाही धडा केला. म्हटलं, श्रमातून शिक्षण. दहाबारा दिवस असेच गेले. मग एका मुलाची आई वाटेत भेटली आणि अगदी गोड शब्दांत म्हणाली, "बाई, भांगलायला आमचं पोरगं घरी बी शिकतं. शाळेत ते वाचायला येतं."

ते ऐकून मी घरी आले आणि सरांनी दिलेल्या टिपणांतून रानातल्याचं प्रकरण पुन्हा वाचून काढलं. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की त्याच्या गोष्टीतला मुलगा बड्या घरचा होता, त्याच्या एकट्याच्या दिमतीला एक मास्तर होता आणि त्याला शहरातून काढून रानात न्यायचं होतं. माझी तिसरीतली पोरं रानातूनच उठून शाळेत आली होती. त्यांना पुस्तकांपासून लांब ठेवायला कुणा विचारवंताची गरज नव्हती, ते काम गरिबी करतच होती.

शनिवारी हेडगुरुजींनी आम्हा दोघांना बोलावलं. आवाज त्यांचा परत आला होता. ते रागावले नाहीत.

"एकजण पोरांना पलटणीत भरती करतोय, दुसरी पोरांना रानात सोडतेय," ते म्हणाले. "दोघांनी पुस्तकं वाचलीत, चांगली गोष्ट आहे. पोरांना काय पाहिजे ते कुणी विचारलं का?"

"पोरास्नी काय कळतंय?" तात्या म्हणाले.

"तुमचा तो बाजारातला म्हातारा काय करायचा?" गुरुजींनी विचारलं. आमची बडबड गावभर झाली होती, त्यामुळं म्हातारा त्यांनाही ठाऊक होता. "विचारायचाच ना? मग विचारू या."

सगळ्या पोरांना मंडपात बसवलं. चारही वर्ग आले. बाहेर काही बायाबापेही कठड्याला टेकून उभे राहिले. गुरुजी म्हणाले, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, छडी आज घरी ठेवून आलोय. मग तात्यांची मुलगी उभी राहिली. ती वडिलांना दादा म्हणायची.

"दादा, मला लोखंड कुणी केलं?"

"मी," तात्या म्हणाले. "परीक्षा घेऊन केलं."

"आन् तुमाला कुणी सांगितलं?"

"हेडगुरुजींनी."

"त्यांनी शिकवाय सांगितलं. निवडाय कुणी सांगितलं?"

तात्यांनी गुरुजींकडं बघितलं, गुरुजींनी छताकडं. मी तात्यांचा चेहरा बघत होते. तो आधी आक्रसला, मग मिशा हलल्या, आणि ते असे मोठ्यानं हसायला लागले की कठड्यावरची माणसंही हसू लागली.

"पोरी, त्या इंग्रजाच्या पुस्तकात हाय बग हे. आमी परीक्षेपुरतं वाचलं," असं म्हणून त्यांनी आपल्या छातीवरची पांढरी फीत काढून खिशात घातली. मग मुलीजवळ जाऊन तिची काळी फीत स्वतःच्या हातानं सोडवली. त्यांची बोटं जाड, गाठ काही सुटेना, तेव्हा तिनंच खालून मदत केली.

पोरांना धीर आला. एक चौथीतला मुलगा म्हणाला, फिती नकोत, पण कवायत पाहिजे. तात्यांना वाटलं होतं, पोरं कवायतीला वैतागली असतील. उलट दुसरी-तिसरीची पोरंही ओरडायला लागली, आमाला बी कवायत! मग कुणीतरी माझ्याकडं बोट करून म्हणालं, "बाई, तुमी पाढं घ्या की. आमचं पाढं सगळं इसरलं." मी म्हटलं, "आणि ओढा?" पोरं एकमेकांकडं बघू लागली. शेवटी एक चिमुरडी म्हणाली, "वढा शनिवारी."

मला जरा लागलं, खोटं कशाला सांगू. मी त्यांना स्वातंत्र्य देत होते आणि ती माझ्याकडं पाढे मागत होती. पण तात्या आता पेटले होते. ते म्हणाले, नुसतं ओरडून चालणार न्हाई, मतदान घ्या, आणि तेही गुप्त. देवळाच्या गाभाऱ्याच्या दाराआड दोन गाडगी ठेवली, एक होय म्हणायचं, एक नाही. प्रत्येक मुद्द्यावर प्रत्येक पोरानं आत जाऊन एक चिंचोका टाकायचा. पहिलीतल्या काही पोरांनी चिंचोके खिशात घालून आणले ते वेगळंच. फिती गेल्या, कवायत राहिली, पाढे आले, ओढा शनिवारवर गेला. आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेली एक अट मुलींनी घातली, की पाण्याची घागर मुलांनीही भरायची. तीही पास झाली, कारण शाळेत मुली कमी असल्या तरी त्यांनी धाकट्या भावांना आधीच पटवून ठेवलं होतं.

दसऱ्याच्या सुमारास फरशी झाली आणि आम्ही परत कॉलेजात गेलो. सरांना हकिकत सांगितली, तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांनी तात्यांना फळ्याजवळ उभं करून सगळ्या वर्गाला ती सांगायला लावली. तात्यांनी काहीही न लपवता सांगितली, बिस्किटासकट. नंतर सर म्हणाले, "ही सगळी मंडळी राज्य कसं चालवावं ते लिहायला बसतात आणि लिहिता लिहिता शाळेत शिरतात. कारण राज्यात माणसं जशी हवीत तशी ती आधी शाळेतच तयार करावी लागतात. चेल्याला आज्ञा पाळणारी हवीत, म्हणून त्याची शाळा तशी. इंग्रजाला स्वतःच्या डोक्यानं चालणारी हवीत, म्हणून त्याची वेगळी. तुम्ही कुठलीही शाळा बघा, तिच्यात कुठलं राज्य दडलंय ते दिसतं." परीक्षेच्या उत्तरात मी हे जसंच्या तसं लिहिलं. तात्यांनी चौथीचा वर्गच लिहिला आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त गुण पडले.

काकींनी त्या सभेनंतर वेगळाच धोसरा लावला. चौथीनंतर गावातल्या पोरी घरी बसत होत्या, कारण पाचवी पलीकडच्या गावात. "तुमी मोठं संमतीवालं," त्या तात्यांना म्हणाल्या, "मग पोरींची संमती कुणी घेतली घरी बसायला?" तात्यांनी साताऱ्याला जाऊन जाऊन शिक्षणखात्याच्या साहेबांच्या दारात ठाण मांडलं. छातीवर पदकं लावून बसत. पुढच्या जूनमध्ये मारुतीच्या मंडपात पाचवीचा वर्ग भरला आणि पहिल्या दिवशी काकी स्वतः दाराशी उभ्या राहून कुणाची पोरगी आली, कुणाची नाही, ते बघत होत्या.

आमच्या शेवटच्या वर्षी आणीबाणी आली. एस.टी. वेळेवर सुटू लागली, ऑफिसांत माणसं जागेवर सापडू लागली, आणि तात्या आधी खूश झाले. "शिस्त आली," म्हणाले. मग एकदा सर इंग्रजावर बोलत होते. लोकांनी राज्यकर्त्याला विश्वासानं सत्ता दिलेली असते, तो विश्वास मोडला तर ती परत घेण्याचा हक्क लोकांना असतो, इथपर्यंत ते आले आणि त्यांचा आवाज आपोआप खाली गेला. बोटांचा ठेकाही बंद पडला.

तात्या उठले. "सर, दार लावू का?"

सरांनी दाराकडं बघितलं. "नको," ते म्हणाले. "उघडंच असू दे." आणि नेहमीच्या आवाजात त्यांनी पुढचा भाग शिकवला. परतीच्या एस.टी.तून गावात उतरताना तात्या एवढंच म्हणाले, "माणसाला दार लावावंसं वाटतंय म्हंजे कायतरी चुकलंय." त्यानंतर शिस्तीचं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

आम्ही दोघंही पास झालो. गावानं आमची एकाच बैलगाडीतून मिरवणूक काढली. मी बी.एड.साठी सांगलीला गेले. तिथं होस्टेलात राहायला परवानगी मागितली, तेव्हा वडिलांनी या वेळी कुणाची सोबत आहे असं विचारलं नाही. ट्रंक उचलून स्वतःच स्टँडवर आणून ठेवली.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये निवडणूक लागली. माझं पहिलंच मत. मी सांगलीहून मुद्दाम गावी आले. सकाळी आई, वडील आणि मी केंद्राकडं निघालो. तोपर्यंत आमच्या घरात असं होतं की वडील सांगतील त्या चिन्हावर आई शिक्का मारायची. त्यात कुणाला काही गैरही वाटत नसे.

"मग, कुणाला देणार?" वडिलांनी चालता चालता मला विचारलं.

"न्हाई सांगणार," मी म्हटलं. "गुप्त असतं ते."

वडील हसले. "बरं बरं. सरांची शिकवण. अगं, तू तरी ध्यानात ठेव," ते आईकडं वळून म्हणाले, "कुठं मारायचा शिक्का?"

आई दोन पावलं पुढं होती. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"मी बी न्हाई सांगणार," ती म्हणाली, आणि पदर खोचून बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

वडील रस्त्यातच थांबले. मला वाटलं, आता चिडणार. पण त्यांनी टोपी काढली, झटकली, परत डोक्यावर ठेवली आणि पुरुषांच्या रांगेकडं जाताना मला म्हणाले, "घरात आता तीन पक्ष झालं, पोरी." दिवसभर भेटेल त्याला ते हेच सांगत होते, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की घरात काहीतरी शुभकार्य झालंय.